चीवररज्जू : विनयातील एका दोरीचा इतिहास

बौद्ध इतिहासाचा अभ्यास करताना आपले लक्ष साहजिकच मोठ्या घटनांकडे जाते. सारनाथचे पहिले प्रवचन, राजगृहाची संगीती, सम्राट अशोकाचे शिलालेख, अजिंठा-वेरूळची लेणी, नागपूरची धम्मदीक्षा हे आपल्या इतिहासाचे ठळक टप्पे होत. परंतु संघ हजारो वर्षे टिकून राहिला तो केवळ अशा घटनांच्या बळावर नव्हे. पहाटे उठणे, झाडलोट करणे, पाणी भरणे, पात्र धुणे, चीवर धुऊन वाळत घालणे अशा रोजच्या कामांना ज्या शिस्तीने बांधून घेतले होते, त्या शिस्तीचाही त्यात मोठा वाटा आहे. या शिस्तीची नोंद विनयपिटकात आहे. धर्मानंद कोसंबी यांनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ या ग्रंथातून तिची ओळख मराठी वाचकांना करून दिली. तरीही विनय हा भिक्खूंपुरताच विषय आहे, अशी समजूत आपल्यात अद्याप आढळते.

प्रस्तुत लेखात विनयातील एका अगदी साध्या वस्तूचा मागोवा घ्यावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे ओले चीवर वाळत घालण्याची दोरी. पालीत तिला ‘चीवररज्जू’ असे नाव आहे. तिच्या जोडीला ‘चीवरवंस’, म्हणजे चीवर टाकण्याचा वेळू, येतो. ‘वंस’ म्हणजे वेळू, आणि आपल्या घराच्या छपराचा ‘वासा’ हा शब्द त्याच कुळातला. आपण ज्याला वलणी किंवा दांडी म्हणतो, तीच ही वस्तू. अशा क्षुल्लक वस्तूला इतिहास कसला, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु कपडे कोणी धुवावेत, कोणाचे धुवावेत आणि कोणाचे धुऊ नयेत, हा प्रश्न भारतात कधीही क्षुल्लक नव्हता. आपल्या समाजाला तर तो मुळीच क्षुल्लक वाटता कामा नये.

उरुवेलेतील चार प्रश्न

महावग्गाच्या पहिल्या खंधकात उरुवेलेचा एक प्रसंग आहे. जटिल कश्यपाच्या आश्रमाजवळ भगवंत राहत असताना त्यांना एक पांसुकूल, म्हणजे टाकून दिलेले चिंधीवजा वस्त्र, मिळाले. तेव्हा त्यांच्या मनात क्रमाने चार प्रश्न आले. हे वस्त्र कोठे धुवावे? ते कशावर घासावे व चोळावे? पाण्यातून वर येताना कशाचा आधार घ्यावा? आणि ते कशावर पसरून वाळवावे?

पुढे ग्रंथात या चारही प्रश्नांची उत्तरे चमत्काराच्या रूपाने आली आहेत. शक्राने हाताने तळे खणले, शिळा आणून ठेवली, ककुध म्हणजे अर्जुन वृक्षावरील देवतेने त्याची फांदी खाली वाकविली आणि वस्त्र पसरण्यासाठी दुसरी शिळा तेथे आली, असे संग्राहकांनी सांगितले आहे. बुद्धिवादी वाचकाने हा चमत्काराचा भाग बाजूला ठेवावा. तो बाजूला ठेवल्यावर मागे जे उरते ते फार मोलाचे आहे. सम्यक् संबोधी प्राप्त झालेला महापुरुष टाकाऊ वस्त्र उचलतो आणि ते आपण स्वतः कोठे धुवावे, कशावर वाळवावे याचा विचार करतो. हे काम करण्यासाठी दुसऱ्या कोणाला बोलवावे, असा प्रश्न या चार प्रश्नांत नाही.

या प्रसंगाचे महत्त्व समजण्यासाठी ब्राह्मणी परंपरेतील वस्त्रविषयक दृष्टी शेजारी ठेवून पाहिली पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि मृतांच्या अंगावरील वस्त्रे नेसावीत, असे विधान आहे. तेथे मृताचे वस्त्र ही कायद्याने लादलेली अवहेलना आहे. उलट बौद्ध संघात श्मशानातून उचललेले वस्त्र हा पांसुकुलाचा एक मान्य प्रकार ठरला. राजकुलातून आलेला भिक्खूही ते धुऊन, शिवून, रंगवून अंगावर घेई. वस्त्र तेच, पण एका व्यवस्थेत ते माणसाला हीन ठरविण्याचे साधन झाले, तर दुसऱ्या व्यवस्थेत सर्वांना एका पातळीवर आणण्याचे.

याच स्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे. त्या यादीत कपडे धुणारा आणि कपडे रंगविणारा हे दोघेही आहेत. आठव्या अध्यायात तर धोब्याने सावरीच्या गुळगुळीत फळीवर हलक्या हाताने कपडे धुवावेत, एकाचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नयेत, असा दंडक घातला आहे. म्हणजे त्याच्याकडून काम चोख हवे, पण त्याच्या घरचे अन्न मात्र निषिद्ध! धुणे आणि रंगविणे ही जी दोन कामे समाजाने हीन ठरविली होती, तीच दोन कामे प्रत्येक भिक्खूच्या जीवनाचा नित्य भाग झाली. हा योगायोग मानून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

तीन चीवरे आणि ओले वस्त्र

भिक्खूला किती वस्त्रे असावीत, याचा निर्णय महावग्गाच्या चीवरखंधकात आला आहे. आरंभी भिक्खू केवळ पांसुकूल वापरीत. वैद्य जीवकाने एक उंची वस्त्र अर्पण केल्यानंतर गृहस्थांनी दिलेली वस्त्रे स्वीकारण्याची अनुमती भगवंतांनी दिली. त्यानंतर वस्त्रांचा ओघ वाढला. काही भिक्खू डोक्यावर, खांद्यावर आणि कमरेवर चीवरांच्या गाठोड्यांचा भार घेऊन चाललेले भगवंतांनी पाहिले. तेव्हा वैशालीच्या गोतमक चैत्यात, हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीत, त्यांनी रात्री उघड्यावर बसून स्वतःवर प्रयोग केला. रात्र चढत गेली तसतशी थंडी वाढली आणि एकेक वस्त्र अधिक घ्यावे लागले. या अनुभवावरून तीन चीवरांची मर्यादा ठरली : दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक.

नियम असा अनुभवातून आलेला आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. परंतु तीनच वस्त्रे म्हटली की एक व्यावहारिक अडचण उभी राहते. एक वस्त्र धुतले की दोन उरतात. पावसाळ्यात धुतलेले वस्त्र दोन-दोन दिवस वाळत नाही. शिवाय भिक्खूने एक रात्रदेखील आपल्या तीन चीवरांपासून दूर राहू नये, असा दंडक होता. म्हणजे वस्त्र लवकर आणि नीट वाळणे ही भिक्खूच्या दृष्टीने सोय नसून गरज होती.

या अडचणीचे एक बोलके उदाहरण उपोसथखंधकात आहे. महाकाश्यप स्थविर अंधकविंदाहून उपोसथासाठी राजगृहाकडे येत होते. वाटेत नदी ओलांडताना ते प्रवाहात जवळजवळ वाहून गेले आणि त्यांची चीवरे भिजली. ते तसेच ओलेत्याने येऊन पोहोचले. भिक्खूंनी विचारले, आयुष्मान, आपली चीवरे ओली कशी? त्यांनी कारण सांगितले. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली, तेव्हा संघाने समान सीमा ठरवून त्या सीमेत तिन्ही चीवरांपासून वियोग झाला असे मानू नये, अशी तरतूद करण्यात आली. एका वृद्ध भिक्खूच्या ओल्या वस्त्रांमुळे संघाच्या नियमात दुरुस्ती झाली. नियम माणसासाठी असतो, माणूस नियमासाठी नसतो, हे तत्त्व तेथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरलेले दिसते.

पावसाळ्याच्या अडचणीवर उपाय सुचविण्याचे श्रेय मात्र एका उपासिकेकडे जाते. विशाखा मिगारमाता हिने भगवंतांकडे आठ वर मागितले. त्यांतील एक भिक्खूंना वर्षाकाळासाठी स्नानवस्त्र देण्याचा आणि दुसरा भिक्खुनींना स्नानवस्त्र देण्याचा होता. पावसात वस्त्रे वाळत नाहीत, अंगावरची तीन वस्त्रे भिजवून चालत नाही, आणि त्यामुळे विवस्त्र स्नान करण्याची पाळी येते, हे संसार चालविणाऱ्या स्त्रीच्या नजरेने तिने टिपले होते.

दोरीची अनुमती

आता आपण मूळ विषयाकडे येऊ. चीवर रंगविण्याच्या प्रकरणात दोरीला अनुमती कशी मिळाली, याचा क्रम चीवरखंधकात दिला आहे. तो पायरीपायरीने पाहण्यासारखा आहे.

प्रारंभी भिक्खू शेणाने व पिवळ्या मातीने चीवर रंगवीत. रंग वाईट येई. म्हणून मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांपासून काढलेल्या सहा प्रकारच्या रंगांना अनुमती मिळाली. कच्च्या रंगात बुडविलेल्या वस्त्राला दुर्गंधी येई. म्हणून रंग उकळण्याची व त्यासाठी लहान मडके वापरण्याची परवानगी मिळाली. रंग शिजला की नाही हे कळेना. तेव्हा त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहावा, असे ठरले. पुढे रंग ओतण्यासाठी पळी, साठविण्यासाठी घट आणि वस्त्र बुडविण्यासाठी द्रोणी आली.

रंगविलेले ओले वस्त्र वाळवावे कोठे, हा त्यानंतरचा प्रश्न. भिक्खूंनी ते जमिनीवर पसरले. त्याला धूळ लागली. भगवंतांनी गवताच्या अंथरणाला अनुमती दिली. ते अंथरण वाळवीने खाल्ले. तेव्हा चीवरवंस आणि चीवररज्जू, म्हणजे वेळू आणि दोरी, यांची अनुमती मिळाली. वस्त्र मधोमध टाकले, तर रंग दोन्ही बाजूंनी ओघळू लागला. म्हणून ते कोपऱ्याला बांधून टांगावे असे ठरले. बांधून बांधून कोपरा झिजू लागला; म्हणून कोपऱ्याला वेगळे सूत लावण्यास मान्यता मिळाली. तरीही रंग एकाच बाजूला उतरू लागला. तेव्हा वस्त्र पुन्हा पुन्हा उलटे-पालटे करावे आणि थेंब गळणे थांबेपर्यंत भिक्खूने तेथून हलू नये, असा नियम झाला.

ज्या कोणी स्वतः एकदा तरी रंगाचे कापड दोरीवर टाकले असेल, त्याला हा क्रम किती अचूक आहे हे पटेल. धूळ, वाळवी, ओघळ, झिजलेला कोपरा या अडचणी तर्काने सुचणाऱ्या नव्हेत. त्या हात भिजलेल्या माणसालाच ठाऊक असतात. प्रत्येक वेळी अडचण पुढे येते, ती सांगितली जाते, उपाय केला जातो, उपायातून नवी अडचण निघते आणि उपाय सुधारला जातो. कोठेही शास्त्राचा आधार शोधलेला नाही, की मुहूर्त पाहिलेला नाही. अनुभव हेच प्रमाण! कालाम सुत्तात भगवंतांनी विचाराच्या क्षेत्रात जी कसोटी सांगितली, तीच येथे धुण्याच्या दोरीला लावलेली दिसते.

ही परंपरा आजही खंडित झालेली नाही. थायलंडमधील अरण्यवासी भिक्खूंच्या विहारांत फणसाच्या लाकडाचे तुकडे उकळून चीवराचा रंग काढतात आणि रंगविलेली चीवरे झाडांच्या सावलीत दोऱ्यांवर वाळत घालतात. ज्या फणसाच्या गऱ्यांवर कोकणातला माणूस जीव टाकतो, त्याच फणसाच्या गाभ्याचा तो पिवळसर तपकिरी रंग आहे.

वाळविण्याची शिस्त

दोरी एकदा मान्य झाल्यावर ती विहारात सर्वत्र दिसू लागते. चीवर शिवण्याची शाळा, ऊबस्नानाचे जंताघर, शौचकूप, इतकेच नव्हे तर राहण्याची खोली, या प्रत्येक ठिकाणी वेळू व दोरी असावी, असे उल्लेख चुल्लवग्गात येतात. शौचाला जाताना चीवर दोरीवर काढून ठेवावे, मगच आत जावे, असाही आचार सांगितला आहे.

शिष्याने उपाध्यायाची सेवा कशी करावी, याचे जे वर्णन महावग्गात आहे, त्यात तर वस्त्र हाताळण्याची रीत बारकाव्याने दिली आहे. उपाध्याय बाहेरून आल्यावर त्यांचे चीवर घामाने ओले झाले असेल, तर ते थोडा वेळ उन्हात वाळवावे. परंतु उन्हात तसेच ठेवून देऊ नये. वनस्पतीचे रंग कडक उन्हात विटतात, हे ज्ञान त्यामागे असावे. घडी घालताना दोन्ही कोपरे चार बोटे मागे-पुढे ठेवावेत, म्हणजे रोज एकाच जागी मधोमध घडी पडून वस्त्र तेथे फाटत नाही. वेळूवर किंवा दोरीवर चीवर ठेवताना ते एका हातात धरावे, दुसऱ्या हाताने वेळू अथवा दोरी पुसून घ्यावी, आणि मग वस्त्राची मोकळी कड पलीकडे व घडी आपल्याकडे येईल अशा रीतीने ते ठेवावे.

दोरी पुसून घ्यावी, एवढीशी सूचना! पण धुतलेल्या कपड्यावर धुळीची आडवी रेघ उमटू नये म्हणून आपल्या आया-बहिणी ओल्या फडक्याने वलणी पुसून घेतात, ते याच कारणाने. ग्रंथ न वाचताही अनुभव त्याच ठिकाणी पोहोचतो.

या सेवेच्या संदर्भात एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. शिष्याची कर्तव्ये जेवढ्या विस्ताराने दिली आहेत, तेवढ्याच विस्ताराने त्यानंतर उपाध्यायाची शिष्याविषयीची कर्तव्ये दिली आहेत. शिष्य आजारी पडला, तर उपाध्यायाने त्याला दातवण द्यावे, पाणी द्यावे, त्याचे ओले चीवर उन्हात वाळवावे, त्याची घडी घालावी. शिष्याचे चीवर धुवावयाचे असेल, तर कसे धुवावे हे त्याला शिकवावे किंवा ते धुतले जाईल असा प्रयत्न करावा. म्हणजे ही सेवा एकाच दिशेने वाहणारी नव्हती. अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला स्वतः भगवंतांनी पाणी घालून आणि आनंदाने हाताने धुऊन स्वच्छ केल्याचा प्रसंग याच चीवरखंधकात आहे. गुरूने शिष्याचे वस्त्र वाळवावे, ही कल्पना जातिबद्ध समाजात किती विलक्षण होती, हे निराळे सांगावयास नको.

धुणे कोणी धुवावे?

संघात सर्व काही आदर्शच होते, असे मात्र समजू नये. विनयपिटकाचे मोठेपण असे की, त्यात दोष लपविलेले नाहीत. विहारात ‘आरामिक’ नावाचे सेवक असत, हेही विनयातच नमूद आहे. म्हणून संघातील प्रत्येक श्रम भिक्खूच करीत होते, असा दावा करणे इतिहासाला धरून होणार नाही.

त्याहून गंभीर दोष स्त्रियांच्या बाबतीत घडला. काही भिक्खू आपली जुनी चीवरे भिक्खुनींकडून धुऊन घेऊ लागले. उदायी नावाच्या भिक्खूच्या प्रसंगावरून नियम झाला की, नात्यातील नसलेल्या भिक्खुनीकडून जुने चीवर धुऊन, रंगवून किंवा बडवून घेणाऱ्या भिक्खूला दोष लागेल आणि ते चीवर त्याला सोडून द्यावे लागेल.

पुढे असाच प्रकार मेंढीच्या लोकरीच्या बाबतीत कपिलवस्तूच्या निग्रोधारामात झाला. षड्वर्गीय भिक्खू भिक्खुनींकडून लोकर धुऊन, रंगवून, पिंजून घेत होते. त्या कामात गुंतल्यामुळे भिक्खुनींचे पठण मागे पडले, प्रश्न विचारून अर्थ समजून घेणे मागे पडले, शील, चित्त व प्रज्ञा यांचा वरचा अभ्यास मागे पडला. ही तक्रार महाप्रजापती गौतमीने भगवंतांपुढे मांडली आणि तिच्यावरून या कामालाही बंदी झाली.

या प्रसंगाचे महत्त्व आपल्या इतिहासलेखनात पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. महाप्रजापतीची तक्रार श्रमाच्या कष्टाविषयी नव्हती. धुण्यात वेळ जातो म्हणून शिक्षण राहते, असे तिचे म्हणणे होते. स्त्रीचे घरकाम आणि स्त्रीचे शिक्षण यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे जोडणारी नोंद प्राचीन भारतीय वाङ्मयात सहजासहजी सापडत नाही. भगवंतांनीही त्यावर, सेवा करणे हाच स्त्रीचा धर्म होय, असे उत्तर दिले नाही. नियम पुरुषांवर घातला.

शिळा, लेणी आणि चीवराचे मोल

वस्त्र वाळविण्याच्या घटनेने तीर्थस्थानेही निर्माण केली. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियानने उद्यान देशात, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील स्वात खोऱ्यात, तथागतांनी जिच्यावर वस्त्र वाळविले असे सांगत ती शिळा पाहिल्याचे लिहिले आहे. सातव्या शतकात ह्यूएनत्संगानेही त्या प्रदेशात वस्त्राच्या खुणा असलेल्या खडकाची नोंद केली. त्याच भागातील पदचिन्हांची शिळा आज स्वातच्या संग्रहालयात आहे. सारनाथचे वर्णन करताना ह्यूएनत्संग तीन तळ्यांचा उल्लेख करतो : एक स्नानाचे, एक पात्र धुण्याचे आणि एक वस्त्रे धुण्याचे. शेवटच्या तळ्याजवळच्या मोठ्या चौकोनी शिळेवर चीवराच्या विणीच्या खुणा लोक दाखवीत असत. भगवंत स्वातपर्यंत गेले होते, याला इतिहासाचा आधार नाही. त्या खुणा म्हणजे खडकाच्या नैसर्गिक रेषा असाव्यात. पण श्रद्धेने कोणत्या गोष्टीची आठवण जपली, हे पाहण्यासारखे आहे. लोकांनी आपल्या शास्त्याचे स्मरण त्याने स्वतः धुऊन वाळविलेल्या वस्त्राच्या रूपाने जपले.

महाराष्ट्रातील लेण्यांकडे वळल्यास चीवराला किती मोल होते, हे शिलालेखांवरून कळते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेणे क्रमांक १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, ४२ व्या वर्षाचा उल्लेख असलेला लेख आहे. त्याने ३००० कार्षापणांचा अक्षय निधी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवला. त्यांपैकी २००० कार्षापण दरमहा शेकडा १ या व्याजाने ठेवले होते. त्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण ‘चीवरिक’ द्यावयाचे होते. हिशेब करून पाहावा : २००० कार्षापणांचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते, आणि २० भिक्खूंना प्रत्येकी १२ दिल्यास बरोबर २४० होतात. विणकरांची श्रेणी पेढीसारखी ठेवी घेत होती आणि तिच्या व्याजावर भिक्खूंची वस्त्रे चालत होती. वस्त्रासाठी पैसा आहे. ते धुऊन देणाऱ्या माणसाची तरतूद मात्र या लेखात नाही. डोंगरातल्या त्या लेण्यांपाशी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. ज्या सह्याद्रीत चार महिने धो धो पाऊस कोसळतो, तेथे वर्षावासातील भिक्खूला ओले चीवर वाळविण्यासाठी किती खटाटोप करावा लागत असेल, याची कल्पना कोणाही मराठी माणसाला करता येईल.

साताऱ्यातील एक घर

आता या इतिहासाचा दुसरा भाग पाहू. बौद्ध धम्म भारतातून लोपला, जातिव्यवस्था दृढ झाली, आणि वस्त्र धुण्याचा प्रश्न पुन्हा मनूच्या मार्गाने सुटू लागला. त्याचा पुरावा आपल्याला फार दूर शोधावा लागत नाही. तो बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बालपणातच आहे.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींचे जे छोटे लेखन ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने करून ठेवले, ते १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले आणि १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या १२ व्या खंडात त्याचा समावेश झाला. त्यात ते सांगतात की, साताऱ्याला असताना घरातले कपडे त्यांच्या बहिणी धूत. साताऱ्यात धोबी नव्हते असे नाही. धोब्याला देण्यास पैसे नव्हते असेही नाही. परंतु अस्पृश्याचे कपडे धुण्यास कोणताही धोबी तयार नव्हता. केस कापण्याचे कामही याच कारणामुळे थोरल्या बहिणीकडे होते.

येथे जातिव्यवस्थेची क्रूर गंमत दिसते. धोबी स्वतः हीन मानलेला. त्याच्या घरचे अन्न स्मृतीने निषिद्ध ठरविलेले. तरी तोही आपल्याहून खालचा कोणी आहे, या समाधानात अस्पृश्याचे कपडे नाकारतो. बाबासाहेबांनी पायरीपायरीच्या विषमतेचा जो सिद्धान्त पुढे मांडला, त्याचा पहिला पाठ त्यांना घरातल्या धुण्याच्या दगडापाशीच मिळाला होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. आणि त्या विषमतेचा शेवटचा भार कोणाच्या हातांवर पडला? घरातल्या मुलींच्या. महाप्रजापतीने जो प्रश्न निग्रोधारामात मांडला होता, तो साताऱ्याच्या त्या घरातही होता. फक्त तो ऐकून घेणारा शास्ता तेथे नव्हता.

याच लेखनातील १९०१ चा प्रसंग सर्वांना परिचित आहे. वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावला निघालेली ही मुले नवे, स्वच्छ कपडे घालून मसूर स्थानकावर उतरली. त्यांच्या पोशाखावरून स्टेशनमास्तराने त्यांना ब्राह्मणाची मुले समजून आपुलकीने चौकशी केली. आम्ही महार आहोत, हे उत्तर कानी पडताच त्याचा चेहरा पालटला. कपडे तेच होते, तितकेच स्वच्छ होते. अस्पृश्य घाणेरडे राहतात म्हणून त्यांना दूर ठेवतात, असा जो युक्तिवाद वर्षानुवर्षे केला गेला, तो त्या स्थानकावर एका क्षणात खोटा ठरला. ज्यांना सार्वजनिक तळ्यावर आणि विहिरीवर जाऊ दिले नाही, त्यांनाच पुढे अस्वच्छ म्हणून हिणविण्यात आले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जे पाणी हाती घेतले, ते पिण्याच्या हक्काचे होते. पण पाण्याचा हक्क म्हटला की त्यात पिणे आले, न्हाणे आले, धुणेही आले. त्या तळ्याचा न्यायालयीन लढा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकालात निघाला.

त्याच वर्षी डिसेंबरात, २५ तारखेला, महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, ते १९२७ मध्ये. मृताचे वस्त्र नेसावे, धुणाऱ्याचे अन्न खाऊ नये, असे सांगणारा तोच हा ग्रंथ. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण करून, जातीची खूण ठरलेली वस्त्र नेसण्याची रीत व दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, असे सांगितले. दहन आणि वस्त्रपरिवर्तन ही एकाच विचाराची दोन अंगे होती.

समारोप

त्रिपिटकात गृहस्थ उपासकांना ‘ओदातवसन’, म्हणजे शुभ्र वस्त्रे धारण करणारे, असे संबोधले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला शुभ्र वस्त्रे परिधान करून जमलेल्या लक्षावधी स्त्री-पुरुषांनी अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते संबोधन पुन्हा जिवंत केले. त्या दिवसाच्या छायाचित्रांत आपण शुभ्र वस्त्रांचा तो सागर पाहतो. ती वस्त्रे आदल्या दिवसांत खेड्यापाड्यांतून, मजुरांच्या वस्त्यांतून कोणी तरी धुतली होती, दोरीवर, कुंपणावर, दगडावर वाळविली होती. त्या हातांची नोंद इतिहासात नाही. बहुतेक हात स्त्रियांचे होते.

चीवररज्जूचा हा इतिहास आपल्याला तीन गोष्टी सांगतो. पहिली, शरीराला लागणारे कोणतेही काम हीन नाही. हीन ठरते ते एकाने दुसऱ्यावर जन्माच्या आधारे लादलेले काम. दुसरी, अडचण उघडपणे मांडावी, अनुभवाने उपाय शोधावा आणि उपाय चुकला तर तो बदलावा, ही बौद्ध रीत आहे. तिसरी, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत निकडीची, अशी की धुण्यात अडकलेल्या हाताला पुस्तक धरता येत नाही. धोब्याने नाकारलेले कपडे आपल्या बहिणींनी धुतले, तेव्हा तो जातीचा अन्याय होता. आज घरातील सर्वांचे कपडे एकट्या मुलीने किंवा सुनेने धुवावेत, अशी अपेक्षा जर बौद्ध म्हणविणाऱ्या घरात होत असेल, तर त्याला काय म्हणावे? त्याचा दोष मनूवर ढकलता येणार नाही.

आपल्या वस्तीतील विहारांत श्रामणेर शिबिरे भरतात. तेथे दहा दिवस मुले आपले चीवर स्वतः धुतात, पिळतात, दोरीवर टाकतात आणि वाळल्यावर घडी करून ठेवतात. शिबिर संपले की चीवर परत दिले जाते आणि मुले घरी जातात. चीवराबरोबर ती सवयही विहारातच ठेवून येऊ नये, एवढीच अपेक्षा. दोरी प्रत्येक घरात आहे. ती पुसून घेऊन तिच्यावर आपले वस्त्र आपल्या हाताने वाळत घालावे. विनयाच्या अभ्यासाला याहून सोपा आरंभ नाही.